कुलपाआडची मुलं आणि माँटेसरीबाई

घोटावडे फाट्यावरून पौडच्या दिशेने निघालं की रस्त्याकडेला बालवाड्यांच्या पाट्या दिसतात. कुठे ससा रंगवलेला, कुठे फुलपाखरू, आणि एखाद्या पाटीवर मोठ्या अक्षरात माँटेसरी. मागे बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, की या शब्दाचा अर्थ काय. कुणी सांगितलं, इंग्रजी शाळेच्या आधीचा वर्ग. कुणी म्हणालं, लाकडी खेळण्यांची शाळा. एकीला तर ते कंपनीचं नाव वाटत होतं. हे एका बाईचं आडनाव आहे, आणि ती बाई डॉक्टर होती, हे ऐकून सगळ्यांना नवल वाटलं. त्याहून नवल पुढचंच होतं. ही लाकडी साधनं ज्या मुलांसाठी पहिल्यांदा वापरली गेली, ती मुलं हुशार, चुणचुणीत घरातली नव्हती. ती वेड्यांच्या इस्पितळात कुलपाआड ठेवलेली मुलं होती.

मारिया माँटेसरींचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतल्या क्यारावाल्ले या लहानशा गावी झाला. वडील सरकारी नोकर, जुन्या वळणाचे. आई रेनिल्डे मात्र वाचनाची भोक्ती. त्या काळी इटलीतही मुलीने शिकून फार तर शिक्षिका व्हावं, अशीच रीत होती. मारियाला ते नको होतं. आधी ती मुलांच्या तांत्रिक शाळेत गेली, इंजिनियर व्हायचं म्हणून. मग तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं. वडील नाराज, आई पाठीशी. रोमच्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला खरा, पण शवविच्छेदनाच्या तासाला मुलांबरोबर बसायला बंदी. उघड्या देहासमोर बाईमाणसाने पुरुषांच्या शेजारी उभं राहणं शोभत नाही, हे कारण. म्हणून सगळे गेल्यावर संध्याकाळी, एकटीने, प्रेतांच्या सोबतीत तिने तो अभ्यास पुरा केला. 1896 साली ती डॉक्टर झाली. इटलीतल्या अगदी पहिल्या मोजक्या स्त्री डॉक्टरांपैकी ती एक. त्याच वर्षी बर्लिनला स्त्रियांची परिषद भरली होती. तिथे जाऊन तिने कामगार बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळावी म्हणून भाषण केलं. आपल्याकडे लावणीच्या मजुरीत बाई-गड्याचा फरक अजून मिटलेला नाही, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

पदवीनंतर ती विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करू लागली. अभ्यासासाठी रुग्ण निवडायला तिला शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात जावं लागे. तिथेच तिला ती मुलं दिसली. आज आपण ज्यांना बौद्धिक अक्षमता असलेली म्हणतो, स्वमग्न म्हणतो, ज्यांना फिट येतात, ज्यांना ऐकू येत नाही म्हणून बोलता येत नाही, अशी सगळी सरमिसळ त्या काळी एकाच नावाखाली मोठ्या वेड्या माणसांबरोबर कोंडलेली असे. त्या वेळचे डॉक्टरी शब्दही फार कठोर होते. ते इथे लिहीत नाही.

तिच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. एका उघड्याबोडक्या खोलीत ही मुलं ठेवलेली होती. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई त्यांच्याविषयी किळसेने बोलत होती. जेवण झालं की ही कार्टी जमिनीवर लोळून पावाचे तुकडे वेचतात, किती अधाशी, असा तिच्या बोलण्याचा रोख. मारियाने खोलीभर नजर फिरवली. भिंती, जमीन, दार. बाकी काही नाही. एक चेंडू नाही, काठी नाही, चिंधी नाही. हातात धरण्याजोगी एकच वस्तू त्या खोलीत होती आणि ती म्हणजे खाली सांडलेला पावाचा चुरा! मुलं तो चिमटीत धरत होती, चोळत होती, त्याच्याशी खेळत होती. पोट भरलेलं होतं. हात मात्र उपाशी होते.

एखादं मूल विचित्र वागतं म्हणून त्याला कोंडलं, असं सगळे म्हणत होते. या बाईने पहिल्यांदा उलटा विचार केला, की कोंडल्यामुळे तर ते असं वागत नसेल? आज हे वाक्य सोपं वाटतं. पण आपल्या घरात, शाळेत, शेजारी बघा. खोलीत डांबलेलं पोर दारावर धडका मारायला लागलं, की त्याच धडकांचा दाखला देऊन आपण दाराला दुसरी कडी लावतो.

मारियाने मग पुस्तकं शोधली. फ्रान्समध्ये दोन डॉक्टरांनी या मुलांवर आधीच काम केलेलं होतं. पहिला इतार. 1800 च्या सुमारास रानात सापडलेला एक मुका मुलगा, ज्याला बाकीच्या डॉक्टरांनी असाध्य ठरवलं होतं, त्याला त्याने काही वर्षं चिकाटीने शिकवलं. दुसरा त्याचा शिष्य सेगँ. त्याने अशा मुलांसाठी शाळाच काढली आणि पुढे अमेरिकेत गेला. दोघांची पुस्तकं जवळजवळ विसरली गेली होती. मारियाने ती मुळापासून हाताने उतरवून इटालियनमध्ये आणली, का तर एकेक शब्द नीट तोलून वाचता यावा. त्यातून तिला पटलं, की या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिक्षणाचा आहे. 1898 साली तुरिनच्या शिक्षण परिषदेत तिने हे भर सभेत मांडलं. सभेत शाळामास्तरच जास्त होते. त्यांना हे चमत्कारिकच वाटलं असणार.

1900 साली रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी एक शाळा निघाली. मारिया तिची संचालक, बरोबर डॉक्टर मोंतेसानो. इस्पितळातली मुलं तिथे आणली गेली. ही डॉक्टरीण सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत स्वतः त्यांना शिकवायची, आणि रात्री बसून दिवसभराच्या नोंदी लिहायची. लाकडी अक्षरं करून घेतली. मुलं बोटाने ती गिरवायची. खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं, लहान-मोठं हे डोळे बांधून हाताने ओळखायचं. गुंड्या लावायच्या, नाड्या बांधायच्या. आपल्याला यात शिक्षण ते काय असं वाटेल, पण ज्या पोराला स्वतःची चड्डी नेसता येत नाही म्हणून शाळा घेत नाही, त्याच्या आईला विचारा.

तिथल्या एका अकरा वर्षांच्या मुलीची हकीकत मला फार आवडते. हातात ताकद चांगली, पण सुईदोरा काही जमेना. रफू करताना सुई खालून वर, वरून खाली न्यायची असते, तेच तिच्या ध्यानात येईना. दुसरी एखादी बाई चिडली असती, फटका दिला असता. मारियाने सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. एक पट्टी खालून, एक वरून. ती मुलगी त्यात रमली, तरबेज झाली. मग पुन्हा सुई दिली, तर तिने रफू करून दाखवलं. हात आधीच तयार झाला होता. करायला लावण्याआधी करता येईल अशी पायरी शोधायची, ही पद्धत तिथे सापडली. पुढे सगळी माँटेसरी पद्धत याच पायरीवर उभी राहिली.

काही काळाने त्या शाळेतली काही मुलं वाचू-लिहू लागली आणि नेहमीच्या शाळेतल्या मुलांच्या बरोबरीने परीक्षेला बसून पास झाली. सगळीकडे चमत्कार म्हणून बोलबाला झाला. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. आपली ही मुलं जर निरोगी मुलांच्या बरोबरीला आली, तर त्या निरोगी मुलांना शाळांनी एवढं मागे का ठेवलं आहे? त्या काळच्या वर्गात मुलं बाकाला जखडल्यासारखी बसत. हलायचं नाही, बोलायचं नाही. इस्पितळातल्या कुलपाचा धाकटा भाऊच म्हणायचा तो बाक!

इथे तिच्या आयुष्यातली एक दुखरी गोष्ट सांगायला हवी. डॉक्टर मोंतेसानोंपासून तिला 1898 साली मुलगा झाला, मारिओ. लग्न झालेलं नव्हतं. त्या काळी हे उघड झालं असतं तर डॉक्टरकी, शाळा, नाव, सगळं संपलं असतं. बाळ खेडेगावात एका दाईकडे ठेवलं गेलं. पुढे मोंतेसानोंनी दुसरीशी लग्न केलं आणि 1901 साली मारियाने ती शाळा सोडली. जगभरच्या मुलांची आई म्हणवली गेलेली ही बाई स्वतःच्या मुलाला लांबून भेटून यायची. 1912 साली तिची आई वारली, त्यानंतर पंधरा वर्षांच्या आसपासचा मारिओ तिच्याजवळ राहायला आला, तोही पुतण्या म्हणून, दत्तक म्हणून. पुरुषाचं यात काही अडलं नाही, हे वेगळं सांगायला नको. तिला नावं ठेवणाऱ्या बायका मला आजही भेटतात. मी म्हणते, समाजाने बाईला कोंडलं की ती कशी वागेल, याचाही विचार करावा.

6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिचं पहिलं बालघर सुरू झालं. त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. तिथल्या चाळी एका कंपनीने दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामाला गेले की पोरं दिवसभर मोकळी, जिने-भिंती खराब करायची. रंगरंगोटीचा खर्च वाचावा म्हणून मालकांनी मुलांना सांभाळायला एक खोली दिली. पन्नासेक मुलं, तीन ते सहा वर्षांची. बाईंनी लहान खुर्च्या, लहान टेबलं करून घेतली आणि इस्पितळातल्या मुलांसाठीची ती साधनं या मुलांपुढे ठेवली.

साधनांचं कपाट शिक्षिका कुलूप लावून ठेवत असे. एके दिवशी ते उघडं राहिलं. येऊन बघते तर मुलांनी आपापली वस्तू काढून घेतलेली आणि जो तो कामात गढलेला! शिक्षिकेला वाटलं चोरी. बाईंना वाटलं, मुलांना स्वतःचं काम निवडता येतंय. त्यानंतर तिथे मुलांच्या उंचीची उघडी कपाटं आली. (आमच्याकडे काही अंगणवाड्यांत सरकारी खेळण्यांचा संच अजून कुलपातच असतो. मोडला तर हिशेब कोण देणार, म्हणून. ताईंचीही अडचण खरीच.)

बक्षीस आणि शिक्षा यांचंही तसंच झालं. सुरुवातीला त्या बालघरात चांगल्या मुलाला पदक आणि वाईट मुलाला खोलीच्या मधोमध खुर्चीत नुसतं बसवणं, अशी रीत शिक्षिकेने ठेवली होती. एक दिवस पदक मिळालेला मुलगा कामाच्या गडबडीत होता, पदक खाली पडलं. शिक्षा झालेल्या मुलाने ते उचलून दिलं, तर पहिल्याला त्याची पर्वाच नाही. मग शिक्षा झालेल्यानेच ते छातीवर लावलं आणि खुशाल बसला. कामात रमलेल्या मुलाला पदक नको होतं. ज्याच्या हाताला काम नव्हतं त्यालाच त्याचं अप्रूप होतं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, कारण माँटेसरीबाई म्हणजे देवी असं चित्र मला उभं करायचं नाही. सतत दुसऱ्यांना त्रास देणाऱ्या मुलाला त्या बालघरातही वेगळं बसवत. तिच्या पुस्तकातच ते आहे. पण कसं, ते बघा. आधी डॉक्टरकडून तपासणी, की याला काही दुखत-खुपत तर नाही. मग त्याच वर्गाच्या कोपऱ्यात एक टेबल, आरामाची खुर्ची, तोंड बाकीच्या मुलांकडे, हातात आवडीची खेळणी. शिक्षिका येता-जाता त्याच्याजवळ थांबणार, आजारी मुलाची करावी तशी चौकशी करणार. दार बंद नाही, दोरी नाही, अंधार नाही. तरीही मला वाटतं, पोराला ते टोचत असणारच. आजच्या तज्ज्ञांना कदाचित तेही पटणार नाही. पण आपल्याकडे जे चालतं त्याच्या शेजारी तो कोपरा ठेवून पाहावा.

कारण आपल्याकडे काय चालतं हे मी बघितलेलं आहे. भातलावणीच्या दिवसांत घरोघर फिरताना खाटेच्या पायाला जुन्या साडीने बांधलेलं पोर मी पाहिलं आहे. आई चिखलात, सासू अंथरुणाला खिळलेली, बाप कंपनीत पाळीला. पोर सुटलं तर सरळ डांबरी रस्त्यावर, आणि रस्त्यावर डंपर. त्या आईला दोष देणाऱ्याने आधी चार तास तिचं पोर सांभाळून दाखवावं. पण शाळेचं तसं नाही. शाळेत माणसं आहेत, वेळ आहे, पगार आहे. तरी एका शाळेत सात-आठ वर्षांच्या मुलाला ओढणीने बाकाला बांधलेलं होतं. दुसरीकडे एक मुलगी दंगा करते म्हणून अडगळीच्या खोलीत. घरी आईला कळलंच नाही, कारण पोरीला बोलता येत नव्हतं. मनगटावरचा वळ दिसला तेव्हा कळलं. बोलणारं मूल घरी येऊन सांगतं. न बोलणाऱ्या मुलालाच बहुधा बांधलं जातं, हे यातलं सगळ्यात वाईट.

पळणाऱ्या पोराचा हात झटकन धरणं वेगळं. तेवढं तर कुणीही करेल, करायलाच हवं. धोका टळला की हात सोडायचा. पण रोज दहा वाजता बांधायचं आणि पाच वाजता सोडायचं, याला सुरक्षितता म्हणत नाहीत. त्यात जिवालाही धोका असतो. पोराला पालथं पाडून पाठीवर जोर देऊन दाबलं तर श्वास कोंडतो. अमेरिकेसारख्या देशात शाळांमध्ये असं दाबून धरताना मुलं दगावल्याची प्रकरणं तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने 2009 साली उघड केली होती. आणि आपल्या देशात तमिळनाडूतल्या एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी काय झालं ते अनेकींना आठवत असेल. मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. 28 जण गेले.

बाईंच्या आयुष्याकडे परत येते. 1909 साली तिचं पुस्तक आलं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ती जगप्रसिद्ध झाली. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग उभारला होता, लोक बाहेरून बघायला गर्दी करत. मग इटलीत मुसोलिनी आला. सुरुवातीला त्याने तिच्या शाळांना मदत केली आणि तिने ती घेतली. हाही तिच्या आयुष्यातला एक डाग मानतात. पण मुलांना गणवेश घालून शिपाई बनवणं तिला पटणारं नव्हतं. 1934 मध्ये शाळा बंद झाल्या, तिने देश सोडला. स्पेनमध्ये गेली तर तिथे 1936 साली यादवी पेटली. तिथून हॉलंड.

आणि 1939 च्या नोव्हेंबरात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, ती मद्रासला उतरली. थिऑसॉफिकल सोसायटीच्या अडयारच्या आवारात शिक्षकांचा वर्ग भरला, सुमारे तीनशे जण. ती इटालियनमध्ये बोलायची, मारिओ शेजारी उभा राहून इंग्रजीत सांगायचा. पण जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी ही मायलेकरं शत्रू देशाची झाली. मारिओला नेऊन ठेवलं कुठे, तर आपल्या अहमदनगरच्या छावणीत! आजचं अहिल्यानगर. म्हातारीला अडयारच्या आवारातच स्थानबद्ध केलं. ज्या बाईने आयुष्यभर मुलांच्या दाराची कुलपं काढली, तिच्याच दारावर पहारा बसला. 31 ऑगस्ट 1940 ला तिला सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयने वाढदिवसाची भेट म्हणून मारिओची सुटका केली, आणि त्या निरोपात त्याला तिचा मुलगा म्हटलं होतं. बेचाळीस वर्षं जे नातं चारचौघांत बोलता आलं नव्हतं, ते असं सरकारी कागदावर आलं. ही हकीकत मी वाचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

युद्धाची काही वर्षं ती कोडाईकनालला राहिली. 1946 साली युरोपला गेली, पुन्हा परत आली, आणि 1949 मध्ये कायमची गेली. तोवर हिंदुस्थानात हजाराहून अधिक शिक्षक तिच्या हाताखाली तयार झाले होते. 6 मे 1952 रोजी हॉलंडमधल्या समुद्रकाठच्या नोर्डवाइक गावी तिने देह ठेवला. ज्या इटलीतून तिला जावं लागलं, त्याच देशाने 1990 साली हजार लिराच्या नोटेवर तिचा चेहरा छापला.

मराठी मुलखात ही पद्धत तिच्या येण्याच्या आधीच पोचली होती, ती ताराबाई मोडकांमुळे. 1892 साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. भीती नाही, छडी नाही, लालूच नाही, असं ते बालमंदिर. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, 1936 मध्ये दादरला शिशुविहार. माँटेसरीची साधनं महाग, खेड्यात परवडणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. 1945 साली बोर्डीला आणि पुढे 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने बिया, शंख-शिंपले, काड्या, पानं यांचीच साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच वारल्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपल्या तोंडी आला तो तिथून.

सगळं छान झालं, पण या प्रवासात एक गोष्ट मागे राहिली. साधनं रोमहून निघाली, भावनगरला आली, दादरला आली, बोर्डीला आली, आणि आता तर भरमसाट फी घेणाऱ्या शाळांच्या काचेच्या कपाटात जाऊन बसली. ज्या मुलांसाठी ती निघाली होती, ती मात्र दाराबाहेरच. मुंबईत 1944 साली जय वकील यांनी आपल्या मुलीला कुठलीच शाळा घेईना म्हणून घरातच शाळा काढली. पुण्यात 1964 साली कामायनी सुरू झाली. अशा संस्था आईबापांच्या आणि तळमळीच्या माणसांच्या जिवावर उभ्या राहिल्या. पण मुळशीच्या खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवरून रोज पुण्याला कोण नेणार?

आता कायदा आपल्या बाजूने आहे, तो माहीत असावा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मनोरुग्णालयातही साखळीने बांधायला पूर्ण बंदी घातली, एकट्याला कोंडून ठेवायलाही बंदी. तिथे रुग्णाला धरून-बांधून ठेवायचं असेल, तर तात्काळ धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, तेवढ्यापुरतं, आणि मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. जे इस्पितळात डॉक्टरला करता येत नाही, ते शाळेत ओढणीने कसं चालेल?

त्या बाकाला बांधलेल्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगते. शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी माँटेसरी वाचली होती की नाही, मला ठाऊक नाही, पण काम तेच केलं. आठवडाभर एका वहीत लिहून ठेवलं, की हा पळतो तो नक्की कधी. दिवसभर नव्हताच पळत. खिचडीची भांडी वाजायला लागली, की कानावर हात ठेवून धूम ठोकायचा. एवढंच! मग भांडी यायच्या आधी त्याला पाणी घालायच्या निमित्ताने मागच्या झाडांकडे पाठवायला सुरुवात झाली, सोबत एक मोठा मुलगा. जेवण वाढून झालं की दोघं परत. घरूनही विचारून घेतलं, तर आई म्हणाली, मिक्सर लावला तरी तो असाच करतो. तिला हे कधीपासून माहीत होतं, पण शाळेने विचारलं नव्हतं आणि तिने आपणहून सांगितलं नव्हतं. एक-दोनदा तो तरीही पळाला, बाईंच्या हाताला चावला सुद्धा. त्या दिवशी बाईंनी फोन करून घरी कळवलं, काय झालं ते वहीत लिहिलं आणि आईची सही घेतली.

अशी वही आपल्या मुलाच्या शाळेत आहे का, हे विचारायला हरकत नाही. मूल चिडलं तर तुम्ही काय करता, कुठे बसवता, त्या खोलीचं दार उघडं असतं का, बरोबर मोठं माणूस असतं का, आणि त्याच दिवशी आम्हाला कळवाल का, हे प्रश्न जूनमध्ये प्रवेशाच्या वेळीच विचारावेत, आणि भांडणाच्या सुरात नको. आपलं मूल कशाने बिथरतं आणि कशाने शांत होतं हे एका कागदावर लिहून वर्गशिक्षिकेला द्यावं. शाळा ऐकत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जावं. या समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात, आणि त्यात बायकांना निम्म्या जागा आहेत. तिथेही दाद लागली नाही तर पौडला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या पातळीवर नेमलेले असतात, त्यांना शाळेत बोलावून घ्या असं सांगता येतं. अर्ज लेखी द्यावा, तारीख घालावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.